दोन पाईप वाढवा

गेल्या वैशाखात आमच्या मोसंबीच्या बागेतली बोअरची मोटार जळाली. जळाली की अडकली, केबल तुटली की पाणीच खाली गेले, हे वर काढल्याशिवाय कळत नाही. स्टार्टर बसत नव्हता, एवढेच दिसत होते. मिस्तरी ऊन चढायच्या आत काम उरकायचे म्हणून सहालाच आला. बरोबर त्याची तीन माणसे, आणि घरचे आम्ही चौघे. बोअरच्या तोंडावर लोखंडी घोडा उभा केला. त्याच्या माथ्यावर एक चाक. पहिला लांबडा काळा पाईप त्या चाकावरून घेतला आणि आम्ही सगळे तो खांद्यावर टाकून, बोअरकडे पाठ करून, बागेतून चालू लागलो. मिस्तरी तोंडाशी बसून केबल आणि दोर सावरत होता, पाईपला केबल बांधलेल्या रबरी पट्ट्या कापत होता. तीनशे ऐंशी फूट पाईप वर यायचा म्हणजे कुणाला तरी तीनशे ऐंशी फूट चालावे लागते. आम्ही बांध ओलांडून शेजाऱ्याच्या पडीक रानात पोचलो, तेव्हा मागून आरोळी आली, "थांबा! आली."

त्या चालीत मला माझे आजोबा आठवले. ते मोट हाकत तेव्हा बैल असेच, विहिरीकडे पाठ करून, धावेच्या उतारावरून चालत जात. दोर ओढला जाई, मोट वर येई, सोंडेतून थारोळ्यात पाणी सांडे, आणि मग बैल उलट्या पावली चढ चढत. मी सहा-सात वर्षांचा असेन. नंतर मोट बंद झाली. बैलांची ती जागा पन्नास वर्षांनी आम्हा माणसांकडे आली, ते मात्र पाण्यासाठी नाही, पाणी आणणारे यंत्र वर काढण्यासाठी.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शिकलो, खताच्या दुकानात हिशेब लिहून संसार केला, आणि उरलेल्या वेळात जालना परिसरातल्या विहिरींच्या मागे लागलो. या नादात सिंचनाच्या इतिहासावर जे जे हाती आले ते वाचले. त्यात एक गोष्ट सतत खटकली. कोणते यंत्र केव्हा आले, हे सगळे लिहितात. ते वर कसे काढले, दुरुस्त कुणी केले आणि परत किती खोल सोडले, हे कुणी लिहीत नाही. माझ्या मते आपल्या भूजलाचा खरा इतिहास तिथेच आहे. कारण वर काढलेला पंप सहसा त्याच खोलीवर परत जात नाही.

मोटेपासूनच पाहू. मोटेची धाव म्हणजे विहिरीच्या खोलीचे जमिनीवर लिहिलेले माप. मोट पाण्यापासून थारोळ्यापर्यंत जेवढी उचलायची, साधारण तेवढेच बैलांना चालावे लागते. पाणी खाली गेले तर नुसता नाडा लांब करून भागत नाही, धावही लांबवावी लागते. त्यामुळे मोट बंद होऊन अर्धे शतक झाले तरी जुन्या विहिरीकाठी धावेचा उतार शाबूत असेल, तर तो पावलांनी मोजून त्या काळी पाणी कुठवर होते याचा अंदाज बांधता येतो. आमच्या विहिरीची धाव माझ्या पंधरा पावलांची आहे. म्हणजे पस्तीस-चाळीस फुटांच्या आतले पाणी. आजोबा फूट म्हणत नसत. ते 'परस' म्हणत. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली म्हणजे एक परस. विहीर किती? तर सहा परस. खोलीचे माप माणसाच्या शरीरात होते, आणि मोटेने पाणी काढायचे तोवर ते तिथेच राहणे भाग होते.

मोट बिघडली तर दुरुस्ती गावातच. चामडे शिवायला चर्मकार, नाडा वळायला मातंग, चाक आणि कणा बसवायला सुतार, मोटेच्या कड्याला लोहार. ही मंडळी बलुत्यावर काम करीत. यात रम्य काही मानण्याचे कारण नाही. ज्यांनी शिवलेले चामडे आणि वळलेला दोर रोज विहिरीत बुडे, त्यांना स्वतःला त्या विहिरीवर चढता येत नव्हते. पण एवढे खरे, की मोट वर काढून परत सोडणे हे गावच्या हातचे काम होते आणि एखाद्या दिवसात उरकत होते.

मग इंजिन आले. किर्लोस्करवाडीला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पंप बनू लागले होते आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, ही माहिती सर्वत्र मिळते, म्हणून त्यात शिरत नाही. आमच्या भागात इंजिन उशिरा आले आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत वीज आली. इथे एक जुनी अडचण उभी राहिली. काठावर ठेवलेला पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तो फक्त नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा सुमारे १०.३ मीटरचा स्तंभ पेलतो, त्याहून अधिक नाही. इटलीतल्या पंपवाल्यांना ही मर्यादा ठाऊक होती. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात तिची नोंद केली आणि तोरिचेल्लीने १६४४ मध्ये तिचे कारण सांगितले. प्रत्यक्षात घर्षण, गळती आणि दख्खनच्या पठाराची उंची धरली तर वीस-पंचवीस फुटांच्या पुढे काठावरचा पंप नांगी टाकतो.

यावर शेतकऱ्यांनी उपाय काढला. पाणी पंपापर्यंत येत नसेल तर पंप पाण्याकडे न्यायचा. विहिरीच्या भिंतीत टप्पा कोरायचा, किंवा लोखंडी गर्डर आडवे टाकायचे, आणि मोटार त्यावर उतरवायची. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की मोटार आणखी खालच्या टप्प्यावर. मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्रीच पडायचा, आणि विहिरीत पाणी चढू लागले की मोटार बुडायच्या आत ती वर ओढायला घरोघरचे गडी कंदील घेऊन धावायचे. पाण्यासाठी आसुसलेला शेतकरी पाणी येतेय म्हणून घाबरून पळतोय, हा प्रकार मी लहानपणी दरवर्षी पाहिला. मोटार बुडालीच तर ती उन्हात वाळत घालायची, नाहीतर जालन्याला नेऊन वाइंडिंग भरायचे.

याच काळात विहिरींच्या तळाशी सुरुंग लागत होते. यारी लावून दगड वर काढायचे आणि दरसाल एखादा परस खाली जायचे. पण खोदलेल्या विहिरीला मर्यादा असते. आपला काळा पत्थर, लाव्ह्याचे थरावर थर. वरचा मुरूम आणि झिजलेला खडक संपला की खाली पाणी फक्त भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत असते. तिथे पोचायला रुंद विहीर परवडत नाही.

अरुंद भोक पाडण्याची विद्या या भागात प्रथम पिण्याच्या पाण्यासाठी आली, आणि इथे जालन्याचे नाव जगाच्या नकाशावर येते. साठच्या दशकात जालन्याच्या स्कॉटिश मिशनने हवेच्या दाबावर खडक फोडणारे यंत्र आणून आसपासच्या खेड्यांत बोअर घ्यायला सुरुवात केली. बोअर घेणे जमले, पण पंप टिकेनात. तेव्हा मिळणारे बिडाचे हातपंप युरोप-अमेरिकेतल्या एका घराच्या अंगणासाठी बनलेले होते. सबंध गावाने दिवसभर दांडा मारला की काही आठवड्यांत सांधे ढिले पडत. मिशनच्या लोकांनी पोलादी पत्र्याचा, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनवला. लोक त्याला 'जालना पंप' म्हणू लागले. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशननेही असेच प्रयत्न केले, आणि सोलापूरच्या एका विहीर-सेवा कार्यशाळेने यात मोठी सुधारणा करून 'सोलापूर पंप' घडवला. युनिसेफने सत्तरच्या दशकात तो घेऊन, कोइमतूरच्या परिसरात त्याची परीक्षा करून, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात जो पंप तयार करवला तो इंडिया मार्क-२. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो दिसतो. त्याचे आजोळ मराठवाड्यात आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते.

आता या उत्तम पंपातला एक दोष पाहा, कारण तो माझ्या विषयाचा गाभा आहे. मार्क-२ मध्ये पाणी उचलणारे नळकांडे शंभर-सव्वाशे फूट खोल असते. त्यातला दट्ट्या ज्या वाट्यांच्या आधारे पाणी धरतो, त्या वाट्या चामड्याच्या होत्या. हो, मोटेसारख्याच चामड्याच्या. त्या झिजणारच. पण ती रुपया-दोन रुपयांची वाटी बदलायची तर सगळे लोखंडी पाईप, आतल्या सळया आणि तळाचे नळकांडे वर काढावे लागे. दहा-दहा फुटांचा एकेक तुकडा क्लॅम्पमध्ये धरायचा, पान्ह्याने सोडवायचा, बाजूला ठेवायचा. हे काम तिवई, जड हत्यारे आणि जीप असलेल्या तालुक्याच्या पथकाचे. पथक येईपर्यंत बायका पुन्हा जुन्या विहिरीवर. म्हणून ऐंशीच्या दशकात कोइमतूरलाच मार्क-३ चे प्रयोग झाले. त्यात वरचा पाईप अडीच इंची केला, नळकांड्याचे तोंड उघडे ठेवले, म्हणजे पाईप जागेवर ठेवून नुसत्या सळया ओढल्या की दट्ट्या वर येतो. गावातली दोन माणसे, साधे पान्हे, काम तमाम. माझ्या वाचनात आलेल्या पंपांच्या इतिहासात 'वर काढणे कसे सोपे होईल' हा प्रश्न मध्यभागी ठेवून केलेली ही एकमेव रचना आहे. पण रुंद पाईप महाग पडला आणि खोल बोअरला जड. मार्क-२ हाच सर्वत्र राहिला.

बुडालेल्या मोटारीची अडचण ज्याने सोडवली, तो पाण्याचा माणूसच नव्हता. आर्माइस अरुतुनोव हा तिफ्लिसला जन्मलेला आर्मेनियन वंशाचा अभियंता अमेरिकेत गेला आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याने कॅन्सासमधल्या तेलविहिरीत स्वतःचा विजेवर चालणारा, मोटारीसकट बुडणारा पंप सोडला. मोटार लांब आणि बारीक, पंप तिच्या डोक्यावर, आणि पंपात एकावर एक रचलेले अनेक पंखे. प्रत्येक पंखा पाणी थोडे पुढे ढकलतो, आणि खोली वाढली की पंखे वाढवायचे. हवेच्या दाबाचा प्रश्नच मिटला, कारण हा पंप ओढत नाही, खालून ढकलतो. मोटार बुडायला घाबरत नाही, उलट बाहेरून वाहणाऱ्या पाण्याने थंड राहते. तोरिचेल्लीची मर्यादा गेली, तशी धावेचीही गेली. खोलीला कुठून तरी जो लगाम असायचा, तो सुटला.

आमच्याकडे बोअर १९८९ साली झाला. तमिळ अक्षरांची गाडी आली होती. तिरुचेंगोडच्या या गाड्या तेव्हापासून आजतागायत आमच्या रानांत रात्रभर धडधडत असतात. दोनशे फूट बोअर, दीड इंची लोखंडी पाईप, वीस फुटांचा एक. वडिलांना हिशेबाची सवय. त्यांनी एका लाल कापडी बांधणीच्या वहीत बोअरचे पान केले. त्यावर पहिली नोंद आहे, 'पाईप ७.' म्हणजे मोटार एकशे चाळीस फुटांवर. त्यानंतर जेव्हा जेव्हा मोटार वर काढली तेव्हा तारीख, कारण आणि पाईप. कारणे नेहमीचीच. एक फेज गेली आणि मोटार दोन फेजवर चालून जळाली. वीज रात्री दोनला येते म्हणून ऑटो स्विच लावला, आणि बोअर कोरडा असताना त्याने मोटार चालू केली. पाईपला भोक पडले. गाळ बसला. पण शेवटच्या रकान्यात ७ चे ८ होतात, ८ चे ९. कमी झालेले एकदाही नाहीत. पाऊस भरपूर झालेल्या सालीही नाहीत, कारण पाणी वर आले म्हणून मोटार वर घ्यायला कोण खर्च करणार?

हे वाढवणे प्रत्येक वेळी त्याच क्षणी ठरते. मोटार वर आलेली असते, माणसांची मजुरी चढत असते, पीक वाळत असते. मिस्तरी बोअरमध्ये दोरीला दगड बांधून सोडतो, भिजलेली दोरी वावेने मोजतो आणि म्हणतो, "काका, आता काढलीच आहे तर दोन पाईप वाढवा." त्या वेळी कुणी नाही म्हणत नाही. वडील म्हणाले नाहीत, मीही म्हटले नाही. शेजाऱ्याने तीन वाढवलेले असतात, हे दोघांनाही माहीत असते.

लोखंडी पाईपांच्या काळात हे काम अंगावर यायचे. दीड इंची पाईप मीटरला साडेतीन किलोच्या वर भरतो. नऊ पाईपांचे दोनशे किलो, आत अडकलेले पाणी पाऊणशे, मोटार-पंप आणखी चाळीस-पन्नास. साखळी-कुप्पीने वीस फूट उचलायचे, दुसरा क्लॅम्प घट्ट करायचा, मगच पहिला सोडायचा. दोन क्लॅम्प एकाच वेळी ढिले असता कामा नयेत, हा या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम. २००३ च्या उन्हाळ्यात एका मिस्तऱ्याच्या पोराने घाईत तो मोडला आणि आमची मोटार सहा पाईपांसकट खाली गेली. मग गळ. माझ्या आजीची विहिरीत पडलेली घागर ज्या गळाने काढत, त्याच जातीचा, पण नळीत मावेल असा. दोन दिवस टोकरून पाईपाचे तोंड सापडले. वहीत वडिलांनी एवढेच लिहिले आहे, 'मोटार पडली. निघाली. पाईप ९.'

२०१२ साली पाऊस गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत सरपण झाल्या. त्या वर्षी आमचा बोअर तळाला लागला. वाढवायला जागाच उरली नाही. शेजारी चारशे वीस फुटांचा नवा बोअर घेतला. यात काळा पाईप, कारण तो पाण्याहून हलका आणि वर काढायला कुप्पी लागत नाही, माणसे पुरतात. वर काढणे सोपे झाले, तसे खाली सोडणेही. वडिलांचे अक्षर त्या पानावर संपते. पुढची नोंद माझी आहे.

राज्याची भूजल यंत्रणा जवळपास चार हजार निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पाणी मोजते. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. हे काम मोलाचे आहे. पण त्यांतल्या बहुतेक खोदलेल्या उथळ विहिरी आहेत. तीनशे फुटांखालचे पाणी कुठे गेले, याची नोंद मिस्तऱ्यांच्या आठवणीत आणि असल्या वह्यांत. मी आजवर अशा अकरा वह्या पाहिल्या. काहींत फक्त पाईपांचे आकडे आहेत, कारणही नाही. फुटांत पाईप विकत घेणारी माणसेसुद्धा अजून 'एकोणीस पाईप' असेच म्हणतात. आधी परस, मग फूट, आता पाईप. माप बदलत गेले, तसा मापातला माणूस बाहेर पडला.

कायद्याचेही पाहू. राज्याच्या '२००९' या सालाच्या भूजल अधिनियमाने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली. साठ मीटर म्हणजे आमच्या हिशेबाने दहा पाईप. कायदा झाला तेव्हाच आमच्या शिवारातले बरेच बोअर त्याच्या खाली पोचले होते, आणि त्यानंतरचे आमचे स्वतःचे एकोणीस पाईप त्या मनाईच्या जवळजवळ दुप्पट आहेत. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण वहीत आहे ते आहे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायचाच नाही असा ठराव करून तो पाळला. तिथे मोजायला पाईपच नाहीत. आमच्या गावात असा विषय एकदा निघाला होता. त्या वेळी माझीही मोटार वर काढलेली होती आणि मी सभेला गेलो नाही.

पंप वर काढण्याची सरकारी कागदात माझ्या पाहण्यात आलेली एकच दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशात आहे. उघड्या बोअरमध्ये मुले पडून मरत होती म्हणून न्यायालयाने नियम घालून दिले. त्यात तोंडाला झाकण ठोकणे, निकामी बोअर तळापासून भरणे यांबरोबर असे एक कलम आहे, की पंप दुरुस्तीसाठी काढला असेल तेव्हाही बोअर उघडा ठेवू नये. आमच्या जुन्या, १९८९ च्या बोअरवर मी तेव्हा फरशी ठेवली होती. भरला मात्र नव्हता. यंदा मोटार वाइंडिंगला गेली त्या चार दिवसांत तो मुरूम आणि दगडांनी भरून घेतला. दोनशे फुटांच्या भोकात किती दगड मावतात याचा अंदाज चुकला आणि ट्रॉली कमी पडली.

पाचव्या दिवशी मोटार आली. मिस्तरीने तिच्यात स्वच्छ पाणी भरले, केबलचा सांधा दोनदा टेपने गुंडाळला, बादलीत बुडवून मेगर लावून पाहिला. आम्ही पुन्हा पाईप खांद्यावर घेतला, या वेळी तोंड बोअरकडे करून. दगडाची दोरी त्याने आधीच टाकली होती. पाणी गेल्या खेपेपेक्षा वीस फूट खाली होते आणि बोअरचा तळ मोटारीच्या खाली जेमतेम चाळीस फूट.

"काका, एक तरी वाढवा. गाळाला जागा राहती."

मी पोराकडे पाहिले. बाग आता तो पाहतो. तो पाईप धरून उभा होता, काही बोलला नाही. मी म्हणालो, "एकोणीसच राहू दे. कमी वेळ चालवू."

मिस्तरीने खांदे उडवले. दुपारी एकला वीज आली. आधी हवा, मग तांबडे पाणी, मग अर्ध्या तासाने स्वच्छ. पाऊण तास चालली आणि धार बारीक झाली. पोराने स्टार्टर पाडला. संध्याकाळी वहीत तारीख घातली, कारण लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात १९. त्याच्या वरच्या ओळीतही १९ च होते. पोराने वही माझ्या हातातून घेतली, पान वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "आणि मेमध्ये?"